कच्चा टाका घालणारा रणपिसे

पडद्यावरची ती लाल पट्टी मी काढली होती. रणपिसेने नाही. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या डॉक्टरकडे रक्तदाबासाठी जातो त्यालाही नाही. तो दर वेळी विचारतो, "परब, कसलं टेन्शन घेता हो एवढं?" मी सांगतो, ट्रॅफिक.

पट्टी कसली होती आणि ती गेल्याने एका माणसाचं काय झालं, हे सांगायचं तर आधी रणपिसे सांगायला हवा.

सुधाकर रणपिसे आमच्या कंपनीत आला तेव्हा चाळिशी ओलांडून गेली होती. कंपनी अंधेरी पूर्वेला, एका जुन्या औद्योगिक इमारतीत. खालच्या मजल्यावर पुठ्ठ्याचे खोके बनायचे, वर आम्ही सॉफ्टवेअर बनवायचो. दोन्हींत फरक एवढाच की खोका कशासाठी आहे हे खालच्यांना आधी माहीत असायचं. मी तिथे प्रोजेक्ट मॅनेजर होतो. काम दुसऱ्यांनी करायचं आणि ते कधी होणार हे मी सांगायचं, अशी त्या पदाची विभागणी.

रणपिसे बुटका. पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट आणि बाहीला मोजून दोन घड्या. कानावर पेन्सिल. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या माणसाच्या कानावर पेन्सिल पाहून नवी पोरं हसायची. "काका, फर्निचरचं काम कुठे चालू आहे?" रणपिसे शांतपणे म्हणायचा, "तुझ्या डोक्यात. अजून फळ्याच आल्यात."

त्याचे वडील टेलर. सातारा जिल्ह्यातलं गाव सोडून घाटकोपरला आले आणि एका जिन्याखाली मशीन टाकून बसले. त्या जिन्याखाली कोट शिवले जात. रणपिसेचं सगळं तत्त्वज्ञान तिथलं. "माझा बाप मापं घ्यायचा, पण मापांवर विश्वास नाही ठेवायचा," तो सांगायचा. "माप घेताना गिऱ्हाईक पोट आत ओढतं. म्हणून कच्चा टाका घालून कोट अंगावर चढवायचा आणि त्याला म्हणायचं, आता बस, उठ, हात वर कर. मग कळतं माणूस खरा केवढा आहे."

आमच्या धंद्यात यालाच प्रोटोटाइप म्हणतात. आधी कामचलाऊ नमुना करायचा, वापरणाऱ्यापुढे ठेवायचा, तो जिथे अडखळेल तिथे बदलायचा, पुन्हा ठेवायचा. रणपिसे त्याला सरळ 'कच्चं' म्हणायचा. "कच्चं झालंय, दाखवून येतो." दाखवताना स्वतःचे दोन्ही हात खिशात. समोरचा माणूस चुकीचं बटण दाबतोय, घामाघूम होतोय, तरी हा खिशातून हात काढायचा नाही. मी एकदा राहवेना म्हणून माऊसला हात घातला, तर बाहेर आल्यावर म्हणाला, "परब, तू त्याला शिकवलंस. आता तो कुठे चुकणार होता ते आपल्याला कधीच कळणार नाही."

त्याच्याआधी आमची पद्धत फार भारदस्त होती. तीन महिने बसून गिऱ्हाइकाच्या गरजांचा दीडशे पानांचा ग्रंथ लिहायचा. गिऱ्हाइकाने तो न वाचता सही करायची. वर्षाने आम्ही सॉफ्टवेअर घेऊन जायचं, त्याने विचारायचं, "हे आम्ही कधी मागितलं?" आणि आम्ही विजयी मुद्रेने म्हणायचं, "पान सत्त्याऐंशी." कोर्टात जिंकण्यासाठी ही उत्तम पद्धत आहे. वापरण्यासाठी नाही.

वर्सोव्याच्या एका मच्छीमार संस्थेचं काम आलं तेव्हा ग्रंथ तयार होता. बंदरावर येणाऱ्या मासळीची नोंद कॉम्प्युटरवर घ्यायची होती. रणपिसेने ग्रंथ चाळला, खालच्या कारखान्यातून एक पुठ्ठा आणला, त्यावर पेन्सिलीने पडदा काढला आणि मला घेऊन थेट बंदरावर गेला. सुकत घातलेल्या बोंबलांच्या काठीखाली एक मावशी बसल्या होत्या. त्यांच्यापुढे पुठ्ठा ठेवून म्हणाला, "मावशी, समजा हा कॉम्प्युटर आहे. तुमचा माल आला. लिवा."

मावशींनी पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "येडा का रं तू? यो तं खोका."

"खोकाच. पण लिवा."

त्यांनी बोट ठेवलं ते 'किलो' लिहिलेल्या चौकोनावर. "यो काय?"

"किलो. वजन."

"आमी किलोव नाय इकत. पाटीव इकताव. वजन कोन करतंय हितं, तुजा बापूस?"

दीडशे पानांत पाटी, म्हणजे मासळीची टोपली, हा शब्द एकदाही नव्हता. सगळीकडे किलो. संस्थेच्या सेक्रेटरीने सांगितलेला. तो पोट आत ओढून उभा होता. रणपिसेने कानावरची पेन्सिल काढली, किलो खोडलं, पाटी लिहिलं. एका पुठ्ठ्याने आमचं वर्ष वाचवलं. परतताना मी त्याचं कौतुक केलं तर म्हणाला, "माझं काय त्यात? मावशींचं बोट होतं."

पण या पद्धतीचा तोटाही त्यानेच मला दाखवला. मुलुंडच्या एका मोठ्या हाऊसिंग सोसायटीला रहिवाशांच्या तक्रारी नोंदवायचं ॲप हवं होतं. पहिला नमुना सेक्रेटरींना आवडला. "फक्त जरा," ते म्हणाले. दुसऱ्या फेरीत पुन्हा "फक्त जरा." नमुना बदलणं सोपं असतं हे एकदा गिऱ्हाइकाला कळलं की त्याच्यातला कलावंत जागा होतो. पाणी गळतीचं बटण निळं करा. निळं नको, गळती अशुभ दिसते. पार्किंगच्या तक्रारी सेक्रेटरींना दिसू नयेत, कारण त्या त्यांच्याच गाडीबद्दल असतात. चौदाव्या फेरीला आम्ही जो पडदा दाखवला तो हुबेहूब पहिल्या फेरीतला होता. सेक्रेटरी म्हणाले, "बघा, आता कसं झालं!" पुढच्या महिन्यात ते निवडणूक हरले आणि नव्या सेक्रेटरींनी विचारलं, "ॲप कशाला? रजिस्टर आहे ना."

रणपिसे म्हणाला, "बाप तीनच ट्रायल द्यायचा. चौथ्यांदा कोट घट्ट होत असेल तर दोष कोटाचा नसतो, जेवणाचा असतो."

हे सगळं आमच्या सरदेसाई साहेबांच्या कानावर कधीच गेलं नाही, कारण कंपनी त्यांची होती. पण एका वर्षी ते कुठल्याशा हॉटेलात दोन दिवसांचं शिबिर करून आले आणि सोमवारी मीटिंगच्या खोलीतल्या खुर्च्या गायब. उभं राहून मीटिंग घेतली की ती लवकर संपते, असं शिबिरात सांगितलं होतं. आमची संपायची नाही, फक्त पोटऱ्या दुखायच्या. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लागल्या, एका चिठ्ठीवर एक काम. पंखा तीनवर केला की निम्मी चिकटवलेली कामं जमिनीवर. रखडलेली कामं इतक्या झपाट्याने संपताना मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

"आजपासून आपण इटरेशनमध्ये काम करणार," साहेब म्हणाले. "छोटे तुकडे, लगेच नमुना, लगेच सुधारणा. क्रांती आहे ही."

रणपिसे म्हणाला, "साहेब, आमच्या जिन्याखाली हेच चालायचं. फक्त चिठ्ठ्या नव्हत्या."

"पण तुमच्या वडिलांनी ते स्केल नाही केलं ना, सुधाकर."

"नाही. त्यांनी कोट केले."

साहेब हसले. मीही हसलो, साहेबांच्या नंतर.

आता पट्टी. रणपिसेचे वडील काळ्या कापडावर कच्चा टाका लाल दोऱ्याने घालायचे. लाल का, तर गिऱ्हाईक घाईत तसंच अंगात घालून लग्नाला निघून जाऊ नये. एकदा एक जण गेला होता म्हणे, आणि मंगलाष्टकं चालू असताना त्याची बाही सुटून हातात आली. म्हणून रणपिसे प्रत्येक नमुन्याच्या डोक्यावर रुंद लाल पट्टी टाकायचा. 'हे कच्चं आहे. वापरू नये.' नमुना छापला तर कागदावरही पट्टी यायची. गिऱ्हाईक पसंत म्हणालं की तो नमुना बंद करायचा आणि पुन्हा कधी उघडायचा नाही. पक्कं काम कोऱ्या पानापासून. साहेबांना हे उधळपट्टीचं वाटे. "झालेलंच पुन्हा का करायचं?" रणपिसे म्हणायचा, "ते झालेलं नाही, साहेब. ते झाल्यासारखं दिसतंय."

घाटकोपरच्या एका रक्ततपासणीच्या लॅबचं काम आलं. मशिनमधून आकडे थेट पडद्यावर यायचे आणि रिपोर्ट छापला जायचा. मशिनची जोडणी अजून व्हायची होती, म्हणून रणपिसेने नमुन्यात एक सोय केली. मशिनकडून आकडा आला नाही तर हिमोग्लोबिनच्या रकान्यात १३.२ हा नमुन्याचा आकडा दिसेल. रिपोर्ट कसा दिसतो हे लॅबच्या डॉक्टरबाईंना कळावं, एवढाच हेतू. वर पट्टी होतीच.

दुसऱ्या ट्रायलच्या दिवशी रणपिसेने रजा घेतली. मुलीची, प्राजक्ताची, इंजिनियरिंगची ॲडमिशन होती. आदल्या संध्याकाळी त्याने आपला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात दिला. "माझ्याच लॅपटॉपवरून दाखव. आणि परब, हात खिशात."

सकाळी मी नमुना उघडला. साहेब कधीतरी म्हणाले होते, "ती लाल पट्टी बघितली की दुकानाला सील ठोकल्यासारखं वाटतं." काढ, असं ते म्हणाले नव्हते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे बरीच वर्षं मी मनातल्या मनात ते साहेबांवर ढकलून पाहिलं. मला त्या वर्षी बढती हवी होती आणि पडदा चकाचक दिसायला हवा होता. पट्टी म्हणजे प्रोग्रॅममधली एक ओळ. तिच्यापुढे दोन तिरप्या रेघा मारल्या की ती गप्प बसते. मी मारल्या. लॅपटॉप रणपिसेचा, पासवर्ड रणपिसेचा. बदलाची नोंद अर्थातच रणपिसेच्या नावावर झाली.

साहेबांबरोबर लॅबमध्ये गेलो तेव्हा तिथल्या मशिनची वायर तात्पुरती जोडलेली होती. आकडे पळाले, रिपोर्ट छापला गेला. डॉक्टरबाई खूश. "हे तर तयारच आहे की! सोमवारपासून चालू करू?"

इथे फक्त 'नाही' म्हणायचं होतं. साहेब माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "हो, तसं जवळपास तयारच आहे." जवळपास हा आमच्या धंद्यातला फार कामाचा शब्द. त्यात खोटं काही नसतं, आणि खरंही काही नसतं. माझा हिशेब असा की पक्कं काम तीन आठवड्यांत होईल, तोवर कुणाला कळणार आहे? तोच नमुना मी लॅबच्या कॉम्प्युटरवर टाकून, वायर त्याला जोडून आलो.

दुसऱ्या दिवशी रणपिसे पेढे घेऊन आला. ॲडमिशन झाली होती. "कशी झाली ट्रायल? वापरत नाहीयेत ना ते?"

"नाही रे. हाताळून बघतायत नुसतं."

"पट्टी बघितली त्यांनी?"

"बघितली," मी म्हटलं आणि पेढा तोंडात टाकला.

दुसऱ्या आठवड्यात लॅबमध्ये झाडू मारताना ती वायर निसटली. दिवसभरात एकोणीस माणसांचं हिमोग्लोबिन १३.२ आलं. कुणालाच संशय आला नाही, कारण आकडा चांगला होता. वाईट असता तर पहिल्याच माणसाने काउंटरवर भांडण काढलं असतं. त्या एकोणिसांत आठव्या महिन्यातली एक गरोदर बाई होती. तिचा खरा आकडा होता सहा. दोन दिवसांनी ती जिन्यात चक्कर येऊन पडली. तिच्या घरच्या डॉक्टरांचा रिपोर्टवर विश्वास बसला नाही, त्यांनी दुसरीकडे रक्त तपासलं आणि तिला दाखल केलं. बाई वाचली, बाळही वाचलं. हे लगेच सांगून टाकतो. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी. हे वाक्य मी स्वतःला रोज सांगतो.

मीटिंग झाली. अर्थात उभ्यानेच.

साहेबांनी सगळं सांगितल्यावर रणपिसेने विचारलं, "बाई कशी आहे?"

ते कुणी विचारलंच नव्हतं. साहेब म्हणाले, "आत्ता प्रश्न तो नाहीये, सुधाकर. पट्टी का नव्हती?"

"पट्टी होती."

"हा बघ रिपोर्ट. आहे कुठे?"

रणपिसेने कागद हातात घेतला. मग साहेबांनी बदलांची नोंद पडद्यावर लावली. नाव होतं सुधाकर. शेजारी तारीख. रणपिसे त्या तारखेकडे खूप वेळ बघत राहिला. मी भिंतीवरच्या चिठ्ठ्या वाचत होतो. एक पिवळी सुटत आली होती.

"नाव तुझंच आहे ना?"

"नाव माझंच आहे," तो म्हणाला.

एवढंच. बाहेर लिफ्टपाशी आम्ही दोघेच होतो. त्याने माझ्याकडे न बघता म्हटलं, "परब, त्या दिवशी मी रजेवर होतो."

आवाजात राग नव्हता. मीटिंगमध्ये तो का बोलला नाही, हे मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, त्याने हात खिशात घातले होते. मी कुठे चुकतो ते बघत होता.

मी म्हटलं, "हो का?"

लिफ्ट आली. तो जिन्याने गेला. त्याच संध्याकाळी तो त्या बाईला बघायला हॉस्पिटलात जाऊन आला, हे मला फार पुढे कळलं. आमच्यापैकी दुसरं कुणी गेलं नाही.

महिन्याभरात त्याला जायला सांगितलं. चहाच्या खोलीत एक जण म्हणाला, "कोट्यातून आलेली माणसं, अजून काय होणार." खासगी कंपनीत कोटा नसतो, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. रणपिसेच्या तोडीचं काम येणारा तिथे कुणी नव्हता, हेही. मला तर त्याहून जास्त माहीत होतं. मी चहा ढवळत होतो.

पुढे दोन कंपन्यांनी त्याची चौकशी करायला मला फोन केला. दोन्ही वेळा मी म्हटलं, "माणूस फार चांगला आहे, पण..." आणि थांबलो. त्या 'पण'च्या पुढे काही बोलावं लागलं नाही. नंतर कळलं की रणपिसे घाटकोपरला एका दुकानात प्रिंटर दुरुस्त करतो.

मला बढती मिळाली. नव्या पोरांना कामाची पद्धत शिकवायचं खातं माझ्याकडे आलं. दर बॅचला मी अर्धा दिवस नमुन्यांचे फायदे आणि तोटे सांगतो. फायद्यात पाटी आणि किलो. हमखास हशा. तोट्यात पहिला मुलुंडचा सेक्रेटरी, आणि शेवटी तो रिपोर्ट. नमुना दिसायला जितका चांगला, तितका तो तयार मालाच्या जागी जाऊन बसण्याचा धोका मोठा, हे पोरांना त्यातून चटकन कळतं. मी सांगतो, "एका अनुभवी माणसाने नेमकी पट्टीच काढून टाकली." पोरं हळहळतात. कुणीतरी विचारतंच, "सर, पण त्याने असं का केलं?" मी म्हणतो, "घाई. आत्मविश्वास. बघा, माणूस असा असतो." आजवर यात एकही शब्द खोटा नव्हता. फक्त माणूस दुसरा होता.

मागच्या हिवाळ्यात, एका रविवारी सकाळी घाटकोपरला मेट्रोचा जिना चढत होतो. वरून रणपिसे उतरत होता. केस सगळे पांढरे, बाहीच्या घड्या तशाच दोन. बरोबर एक तरतरीत मुलगी.

"काय परब! गुडघा धरून चढतोयस?"

"वय झालं रे."

"वय सगळ्यांचंच झालं. ही प्राजक्ता. प्राजू, हे परब सर. माझ्या अंधेरीच्या कंपनीतले."

"नमस्कार, सर. बाबा सांगतात तुमच्याबद्दल."

"काय सांगतात?" मी विचारलं.

"की तुम्ही ऑफिसात कुणावर कधी ओरडला नाहीत." ती हसली. "सर, मीही याच लाइनमध्ये आहे. आमच्या ट्रेनरने परवा एक किस्सा सांगितला, लॅबचा. सगळे रिपोर्ट १३.२. तो तुमच्याकडेच शिकलाय म्हणे. कुणीतरी सेफ्टीची पट्टीच काढून टाकली होती. मी बाबांना विचारलं, तुमच्याच वेळचं का हे? तर म्हणाले, परबांना विचार, त्यांना नीट माहीत आहे."

रणपिसे जिन्याच्या कठड्याला टेकून उभा होता. मागून माणसं येत होती, आम्हांला वळसा घालून जात होती. तो माझ्याकडे बघत होता. डोळ्यांत टोमणा नव्हता, तेच जास्त वाईट. घाई नसलेला माणूस जसा थांबतो तसा तो थांबला होता.

"जुनी गोष्ट आहे," मी म्हटलं. "सांगेन कधीतरी."

"नक्की सांगा, सर," प्राजक्ता म्हणाली.

"चल गं, तुझी आई वाट बघत असेल," रणपिसे म्हणाला. माझ्या खांद्यावर हलकेच थाप मारली आणि दोघं उतरून गेली. खाली पोहोचल्यावर तिने त्याला काहीतरी विचारलं. त्याने नुसती मान हलवली.

मी रणपिसेचं देणं लागतो ते असं. त्याच्या मुलीसमोर उभं राहून सांगायचं, की ते मी केलं, आणि त्या दिवशी तो तिची ॲडमिशन घेत होता. तेच सरदेसाई साहेबांना सहीनिशी लिहून द्यायचं, आणि तेच पुढच्या बॅचला सांगायचं, माझं नाव घेऊन. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.